तान्ह्या पोळ्यापासून नाताळपर्यंत: लहान मुलांच्या हातांच्या ठशांतून सणांच्या वस्तू

हात रंगात बुडवून त्याचा ठसा उमटवणे आपल्याकडे नवे नाही. बलिप्रतिपदेला, म्हणजे गायगोधनाच्या दिवशी, विदर्भातल्या गावांत गायींच्या अंगावर गेरूचे पंजे उमटवतात आणि काही घरांत मंगलकार्याच्या वेळी भिंतीवर हळदीच्या हातांचे थापे देतात. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांतही हाताचे ठसे आहेत. सणासुदीच्या सुट्टीत दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घरी काय करायला द्यावे, असा प्रश्न पडतो तेव्हा हा जुना प्रकार फार उपयोगी पडतो, कारण त्यासाठी मुलाला चित्र काढता येण्याची गरज नसते आणि तयार होणारी वस्तू तरीही पूर्णपणे त्याची असते.

मात्र बहुतेक घरांत गडबड होते ती पुढच्या टप्प्यावर. मुलाचा ठसा उमटतो आणि मग मोठी माणसे त्यावर इतके डोळे, टिकल्या, लेस आणि चमकी चढवतात की खालचा हात दिसेनासा होतो. या लेखातली सगळी कृती त्यामुळे एका नियमावर उभी आहे: ठसा स्पष्ट आला पाहिजे आणि त्यावरचे जोडकाम मोजके असले पाहिजे. कागदावरचा बैल थोडा बोकडासारखा दिसला तरी बिघडत नाही, पण त्यात पाचही बोटे ओळखू आली पाहिजेत. ठसा स्पष्ट येणे हे नशिबावर अवलंबून नसते. रंगाचा दाटपणा, कागदाखालचे अस्तर आणि हात उचलण्याची पद्धत या तीन गोष्टी नीट जमल्या की ते साधते, आणि म्हणून आधी त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

रंग कोणता घ्यावा

मुलांसाठीचे, पाण्याने धुतले जाणारे आणि डबीवर बिनविषारी असा उल्लेख असलेले पोस्टर कलर किंवा फिंगर पेंट या कामासाठी सर्वांत योग्य. नागपुरातल्या सीताबर्डी, इतवारी, धरमपेठ अशा बाजारांतल्या स्टेशनरीच्या दुकानांत ते सहज मिळतात. ॲक्रिलिक रंग कागदावर सुंदर दिसतात, पण वाळल्यावर पाण्याने निघत नाहीत आणि मग मुलाची नाजूक त्वचा घासावी लागते, म्हणून ते टाळावेत. फॅब्रिक पेंट, ऑइल पेंट आणि स्टॅम्प पॅडची शाई हातावर लावू नये. रांगोळीचे रंग आणि होळीचा उरलेला गुलालही पाण्यात कालवून वापरू नये, कारण त्यात काय मिसळलेले आहे हे आपल्याला माहीत नसते आणि लहान मुलाचा हात कधीही तोंडात जाऊ शकतो.

ज्या मुलाचा हात सतत तोंडातच असतो, त्याच्यासाठी घरी रंग शिजवणे उत्तम. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर किंवा मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा, त्यात एकूण दोन वाट्या पाणी होईल इतके पाणी घालावे, चिमूटभर मीठ टाकावे आणि मंद आचेवर सतत हलवत मिश्रण दाट व चकचकीत होईपर्यंत शिजवावे. ते पूर्ण गार झाल्यावर लहान वाट्यांत वाटून प्रत्येकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब मिसळावेत. बीटाचा रस, पालकाचा रस किंवा हळदही चालते, मात्र बीटाचा गुलाबी रंग काही दिवसांत तपकिरी पडतो आणि हळदीचा पिवळा उन्हात उडतो, हे लक्षात घेऊन जपून ठेवायच्या वस्तूंसाठी ते वापरू नयेत. हा रंग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. वास बदलला की फेकून द्यावा.

दाटपणा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. रंग भज्यांच्या पिठाइतका दाट असावा, म्हणजे चमच्यातून सावकाश पडेल पण धार तुटणार नाही. पातळ रंग बोटांच्या मधल्या फटींत वाहतो आणि पंजाऐवजी एक अखंड डाग उमटतो, तर फार घट्ट रंगात तळव्यावरच्या रेषा बुजतात आणि वाळल्यावर रंगाला तडे जातात. बाटलीतला पोस्टर कलर बहुधा आहे तसाच चालतो. उगाच त्यात पाणी घालू नये.

नवा रंग आणला असेल तर आदल्या दिवशी मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून, थोड्या वेळाने धुऊन, दुसऱ्या दिवशी त्या जागी लाली किंवा खाज नाही ना, हे पाहावे. हातावर जखम, पुरळ किंवा इसब असेल तर त्या सुट्टीत ठशांचा कार्यक्रम करू नये.

कागद, अस्तर आणि ऋतू

वहीचा किंवा प्रिंटरचा कागद ओल्या रंगाने सुरकुततो. १८० ते २५० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाची) कार्डशीट किंवा जाड ड्रॉइंग शीट घ्यावी. पांढऱ्या रंगाचे ठसे घ्यायचे असतील तर पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद फार छान दिसतो, फक्त तो पातळ असल्यामुळे नंतर कार्डशीटवर चिकटवावा लागतो.

तळव्याचा मधला भाग नैसर्गिकरीत्या खोल असतो. कडक टेबलावर ठेवलेल्या कागदावर हात दाबला की हा खळगा कोराच राहतो आणि ठशाच्या मध्यभागी पांढरे भोक दिसते. यावर उपाय सोपा आहे: कागदाखाली जुनी चादर किंवा सुती ओढणी चार पदरी घडी करून पसरावी. अस्तर थोडे दबते, कागद तळव्याच्या आकाराप्रमाणे किंचित वर येतो आणि खळग्यातही रंग उमटतो.

जागेची निवड ऋतूप्रमाणे करावी. तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, पावसाळ्यात येतो आणि तेव्हा नागपूरच्या दमट हवेत जाड रंग वाळायला काही तास लागतात, म्हणून काम सकाळी करून कागद पंख्याखाली, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून सुकवावेत. डिसेंबरच्या कोरड्या हवेत उलट घडते. दुसऱ्या हाताला रंग लावेपर्यंत पहिल्या हातावरचा रंग सुकू लागतो, म्हणून तेव्हा एका वेळी एकच हात रंगवावा. कोणत्याही ऋतूत ओला कागद थेट उन्हात ठेवू नये, तो गोळा होतो.

ठसा घेण्याची रीत

सर्व तयारी मुलाला बोलावण्याआधी झालेली असावी. जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरलेली, कागद अस्तरावर ठेवलेला, रंग पसरट ताटलीत ओतलेला, शेजारी ओले फडके आणि कोमट पाण्याचा टब, आणि मुलाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे लक्ष फार वेळ टिकत नाही. ते लक्ष आपण कात्री शोधण्यात घालवले तर ठशाच्या वेळी मूल कंटाळलेले असते.

मुलाचा हात रंगाच्या ताटलीत बुडवू नये. तसे केल्यास रंग नखांच्या बाजूने आणि बोटांच्या फटींत शिरतो. भांडी घासायच्या स्वच्छ स्पंजचा तुकडा रंगात टेकवून तळव्यावर आणि प्रत्येक बोटावर थोपटावा, म्हणजे पातळ व सारखा थर बसतो. ब्रश वापरला तरी चालतो, पण ब्रशने बहुतेक मुलांना गुदगुल्या होतात आणि मूठ मिटते, हे ध्यानात ठेवावे. बोटांची टोके, अंगठ्याचा तळाचा भाग आणि मनगटाजवळची कड या तीन जागा हमखास सुटतात, त्या पुन्हा पाहाव्यात.

मग मुलाला बोटे फाकवायला सांगावे. ‘चांदणी कर’ किंवा ‘टाळी देतोस तसा हात कर’ असे म्हटले की लहान मुलांना ते लगेच कळते. मोठ्या माणसाने मनगट धरून हात सरळ वरून खाली आणावा, आधी तळवा टेकवावा, मग बोटे. हात टेकल्यावर तो अजिबात सरकू द्यायचा नाही. आपल्या दुसऱ्या हाताने मुलाच्या हाताच्या पाठीवर मधोमध हलके दाबावे आणि त्यानंतर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट टोकाशी दाबत जावे. तीन-चार सेकंद पुरतात. उचलताना कागद एका हाताने घट्ट दाबून धरावा आणि मुलाचा हात मनगटापासून वर सोलल्यासारखा न ओढता एकदम सरळ वर उचलावा. पहिला ठसा नेहमी रद्दीच्या कागदावर घ्यावा. त्यात जादा रंग निघून जातो आणि मुलालाही काय होणार आहे ते कळते. पुष्कळदा त्याच रंगावर घेतलेला दुसरा ठसा सर्वांत रेखीव येतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या तळव्याला काही लागले की ते आपोआप मूठ मिटते, तो त्याचा प्रतिक्षेप असतो. अशा बाळाचा हात बळेच उघडण्यापेक्षा पायाचा ठसा घ्यावा आणि तोही ते दूध पिऊन शांत असताना. कागद टेबलावर न ठेवता पुठ्ठ्यावर लावून पुठ्ठाच बाळाच्या तळपायाला टेकवावा.

काही मुलांना ओला, गिळगिळीत स्पर्श सहनच होत नाही. ती रडतात किंवा हात पाठीमागे लपवतात. अशा मुलावर जबरदस्ती करू नये. त्याचा कोरडा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढावी, ती कापावी, आणि आतला भाग त्याला खडूने किंवा एका बोटाच्या टोकाच्या ठिपक्यांनी भरू द्यावा. पुढे दिलेल्या जवळजवळ सगळ्या वस्तू अशा कापलेल्या पंजांपासूनही होतात.

तान्ह्या पोळ्याचा बैल

पिठोरी अमावास्येला मोठा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून मुले तोरणाखाली आणतात आणि मग घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे सणाचे पैसे किंवा खाऊ, गोळा करतात. या प्रथेचे श्रेय नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याला दिले जाते. त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असल्यामुळे महाल आणि इतवारीकडच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा रंग आणि कागदाची खरेदी आधीच्या आठवड्यात उरकावी. ठसेही दोन दिवस आधी घ्यावेत, म्हणजे ते नीट वाळतात.

बैलाचे रहस्य एवढेच की पंजा उलटा पाहायचा. मूल नेहमीप्रमाणे बोटे पुढे करून हात टेकवते आणि नंतर आपण कागद फिरवतो. तळव्याचा मनगटाकडचा भाग बैलाची पाठ होतो, चार बोटे चार पाय होतात आणि अंगठा मान व तोंड होतो. अंगठा कसा ठेवला यावर बैलाची ढब ठरते. तो बोटांकडे झुकलेला असेल तर कागद फिरवल्यावर बैल मान खाली घालून चरताना दिसतो आणि तो बाजूला अगदी काटकोनात ताणलेला असेल तर मान ताठ येते. मिरवणुकीतल्या नंदीची मान ताठ हवी, म्हणून हात टेकवण्याच्या क्षणी मोठ्या माणसाने अंगठा हलकेच बाहेर ओढून धरावा. एवढा एक तपशील सांभाळला की बाकी चित्र आपोआप जमते.

जोडी करायची असल्यास हात निवडताना थोडा विचार करावा लागतो. उजव्या हाताचा बैल कागद फिरवल्यावर उजवीकडे पाहतो, डाव्या हाताचा डावीकडे. मुलाने डावा हात डावीकडे आणि उजवा हात उजवीकडे टेकवला तर दोन्ही बैल समोरासमोर येतात, जणू झुंजायलाच उभे आहेत. एकामागून एक चालणारी जोडी हवी असेल तर दोन्ही ठसे एकाच हाताचे घ्यावेत. दोन भावंडे असतील तर मोठ्याचा एक आणि धाकट्याचा एक, असा लहानमोठा जोड फार गोड दिसतो आणि त्यावरून होणारी भांडणेही टळतात.

खाकी कागदावर पांढरा किंवा पांढऱ्या कागदावर फिकट तपकिरी ठसा घ्यावा. तो पूर्ण वाळल्यावर जोडकाम सुरू करावे आणि त्यातलेही शक्य तेवढे मुलाच्या बोटांनीच करावे. अंगठ्याच्या बाजूला, पाठीच्या कडेवर, मुलाच्या अंगठ्याचा एक ठसा घेतला की वशिंड होते. अंगठ्याच्या टोकावर करंगळीचा राखाडी ठिपका म्हणजे नाक. डोळा काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने द्यावा. शिंगे मात्र मोठ्या माणसाने बारीक ब्रशने काढावीत, कारण वाकडी शिंगे मुलांना चालतात पण जाड शिंगांनी अंगठा झाकला जातो. करंगळीच्या बाजूला काळ्या लोकरीचा तुकडा चिकटवून शेपूट करावे.

पाठीवरची झूल हा मुलाच्या आवडीचा भाग असतो. तळव्याच्या मधल्या भागावर त्याला लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांत बोटाची टोके बुडवून ठिपके देऊ द्यावेत. ठिपके रांगेत आले नाहीत तरी त्यांना हात लावू नये. प्रत्येक रंगासाठी वेगळे बोट, असा नियम सांगितला तर रंग एकमेकांत मिसळत नाहीत, आणि चार वर्षांपुढच्या मुलांना तो नियम पाळण्यातच गंमत वाटते. झुलीची कड पेनाने ओढायचा मोह होतो, तो आवरावा. ठिपक्यांची झूल सुटीच चांगली दिसते.

तान्ह्या पोळ्याच्या नंदीला चाके असतात, हे विसरू नये, कारण हा बैल त्यांच्यामुळेच शेतातल्या बैलापासून वेगळा ओळखू येतो. बोटांच्या टोकांखाली एक जाड आडवी रेघ ओढून ती पाट समजावी आणि त्याखाली बाटलीच्या झाकणाला रंग लावून दोन गोल ठसे घ्यावेत. नाकापासून कागदाच्या कडेपर्यंत सुतळीचा तुकडा चिकटवला की ओढायची दोरीही झाली. हा बैल मोठ्या कागदावर केला तर भिंतीवर लावता येतो, आणि लहान मुलाच्या पंजाएवढाच कापून पाकिटावर चिकटवला तर बोजाऱ्याचे पाकीट तयार होते. आलेली नाणी त्यात ठेवायला मुलांना फार आवडते.

सोसायटीतल्या किंवा अंगणवाडीतल्या दहा-पंधरा मुलांकडून हे करून घ्यायचे असेल तर सर्वांना एकदम रंग देऊ नये. एका बाजूला मुले लाकडी नंदी सजवत बसतील आणि दोन-दोन मुले ठशासाठी येतील, अशी सोय करावी. ठसा घेण्याआधी प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव लिहावे. वाळत घातलेले पंधरा पांढरे बैल नंतर कोणाचे ते कोणालाही सांगता येत नाही.

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि दिवाळी

आपट्याच्या पानाला दोन पाळ्या असतात, आणि मुलाच्या अंगठ्याचे दोन ठसे खालच्या टोकाशी जुळवून वरती किंचित फाकवून घेतले की नेमका तोच आकार येतो. हिरव्या रंगात थोडा पिवळा घालून अशी पाने शुभेच्छापत्राच्या कडेने उमटवावीत. दोन वर्षांचे मूलही हे सहज करते.

नागपुरात दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या वर्षी तो दिवस विजयादशमीचा होता. ज्या घरांत हा दिवस पाळला जातो, त्यांनी बोधिवृक्षाचे चित्र करून पाहावे. मुलाच्या कोपरापासून मनगटापर्यंत आणि पुढे बोटांपर्यंत तपकिरी रंग लावून संपूर्ण पुढचा हात कागदावर टेकवायचा. हात खोड होतो आणि फाकलेली बोटे फांद्या होतात. येथे दोन माणसे लागतात, एकाने कोपर धरायचे आणि दुसऱ्याने पंजा. खोड वाळल्यावर फांद्यांभोवती हिरवी पाने बोटांच्या टोकांनी उमटवावीत. पिंपळाचे पान टोकाला लांब असते, म्हणून प्रत्येक ओल्या ठिपक्याचे एक टोक काडीने जरासे बाहेर ओढावे. हेच झाड हिवाळ्याच्या सुट्टीत पानांमध्ये नारिंगी ठिपके देऊन संत्र्याचेही करता येते.

दिवाळीत दोन्ही तळव्यांची कड जोडून पसा केल्याप्रमाणे ठसा घ्यावा: मनगटाकडचा अर्धा भाग तपकिरी, बोटे पिवळी-केशरी. खाली पणती आणि वर ज्योती असे रूप येते. हेच ठसे ट्रेसिंग पेपरवर घेऊन आकाशकंदिलाच्या बाजूंना लावता येतात, मात्र आत केवळ एलईडी दिवा असावा, पणती किंवा मेणबत्ती मुळीच नको.

नाताळचे झाड आणि मिठाच्या कणकेचा ठसा

नाताळच्या झाडासाठी अर्धी ड्रॉइंग शीट उभी घ्यावी आणि सहा हिरवे पंजे तीन, दोन, एक अशा ओळींत उमटवावेत. बोटे खालच्या दिशेने यायला हवीत, म्हणून झाडाचा शेंडा मुलाच्या पोटाकडे आणि बुंधा त्याच्यापासून दूर, असा कागद ठेवावा. सुरुवात लांबच्या, म्हणजे तीन पंजांच्या ओळीपासून करावी. मग जवळच्या ओळीतल्या बोटांची टोके आधीच्या तळव्यांवर थोडी चढतात, फांद्यांचे थर दिसतात, आणि ओल्या ठशांवरून मुलाचा हात न्यावा लागत नाही. एका ओळीनंतर रंग थोडा सुकू द्यावा. लहान मूल सहा ठशांपर्यंत टिकणार नाही असे वाटले तर खालची ओळ आजी-आजोबांची, मधली आई-बाबांची आणि शेंड्याचा एकच पंजा मुलाचा ठेवावा. मोठ्यांचे पंजे अर्थातच मोठे असल्यामुळे तेव्हा पूर्ण शीट लागते, पण माझ्या मते हे झाड एकट्या मुलाच्या झाडापेक्षा सरस दिसते. सजावटीला लाल-पिवळे बोटांचे ठिपके पुरेत.

टिकाऊ, टांगता येणारी वस्तू हवी असेल तर मिठाच्या कणकेत ठसा घ्यावा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी घ्यावे. पाणी थोडेथोडे घालून, घट्ट आणि बोटांना न चिकटणारा गोळा होईपर्यंत दहा मिनिटे मळावे. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची चकती लाटावी, मुलाचा कोरडा हात तीवर ठेवून बोटे एकेक करून दाबावीत आणि वरच्या बाजूला स्ट्रॉने दोऱ्यासाठी भोक पाडावे. ओव्हन असल्यास १०० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून, वाळवावे. नसल्यास डिसेंबरच्या उन्हात जाळीवर ठेवून दोन-तीन दिवस वाळवावे आणि रात्री आत घ्यावे. तापमान वाढवून घाई केली की चकती फुगते आणि ठसा बिघडतो. पूर्ण कडक झाल्यावर पोस्टर कलरने रंगवून, मूल शेजारी नसताना, वॉर्निशचा एक हात द्यावा. हे काम पावसाळ्यात करू नये, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते आणि चकती मऊ पडते. या कणकेत मीठ इतके असते की ती पोटात गेल्यास लहान मुलाला आणि घरातल्या कुत्र्या-मांजरालाही अपाय होतो, तेव्हा गोळा उघडा टाकून उठू नये.

मातीत ठसा घ्यायचा असेल तर महालातल्या चितार ओळीत मूर्तिकारांकडे शाडू मातीची चौकशी करावी. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या मिश्रणात मात्र मुलाचा हात कधीही बुडवून ठेवू नये. ते घट्ट होताना तापते आणि हात आत अडकलेला असेल तर गंभीर भाजू शकते.

हात धुणे आणि ठसे जपणे

ठसा झाल्याबरोबर ओल्या फडक्याने जाडसर रंग पुसावा, मग कोमट पाण्यात हात बुडवून साबण लावावा. रंगाआधी हाताला तेल लावण्याची सूचना अनेक जण करतात, ती मानू नये, कारण तेलावर रंग बसत नाही आणि ठसा तुटक येतो. तेल नंतर लावावे: नखांच्या कडेला राहिलेला रंग खोबरेल तेलाने मऊ होऊन निघतो. हळदीच्या रंगाने ठसे घेतले असतील तर साबण लागताच हात लालसर होतील. हळद क्षाराच्या संपर्कात आली की रंग बदलते, त्याने घाबरून जाऊ नये. भरपूर पाण्याने धुतल्यावर लाली जाते आणि फिकट पिवळा डाग एक-दोन दिवसांत उतरतो.

प्रत्येक कागदाच्या मागे मुलाचे नाव, तारीख आणि वय पेन्सिलीने लिहावे. पेनाची शाई दमट हवेत पुढच्या बाजूला उतरू शकते. लॅमिनेशन करायचे असेल तर किमान दोन-तीन दिवस थांबावे, कारण रंग आतून ओला असेल तर गरम रोलरखाली बुडबुडे येतात. लॅमिनेशन करायचे नसेल तर दोन ठशांमध्ये बटर पेपर घालून ते आडवे, सपाट फाइलमध्ये ठेवावेत. गुंडाळी करून ठेवलेला पोस्टर कलर पुढच्या वर्षी उलगडताना सोलला जातो. पावसाळा संपला की फाइल एकदा बाहेर काढून, सावलीत वारा देऊन, कसर लागलेली नाही ना ते पाहून पुन्हा ठेवावी. दरवर्षी एकाच सणाला, एकाच हाताचा आणि शक्यतो एकाच रंगाचा ठसा घेतला तर पानांची तुलना करता येते, म्हणून कोणता हात घेतला तेही तारखेशेजारी लिहून ठेवावे.